पान्हेवाली

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सगळ्यात आधी तिच्या नजरेत भरली ती तार. फाटकाची कडी तारेने बांधलेली, बादलीची मूठ तारेची, गव्हाणीची फळी तारेने आवळलेली, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार तारेवर लटकलेलं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांच्या खिशात तारेचं एक वेटोळं आणि पक्कड कायम असायची. काही तुटलं, निखळलं, लोंबायला लागलं की आबा जागच्या जागी वाकायचे, तीन पीळ द्यायचे आणि तारेचं टोक आत वळवून ठेवायचे, म्हणजे कुठल्या जनावराला ओरखडा नको. "तात्पुरतं केलंय," एवढं बोलून पुढे जायचे. गोठ्याच्या मागच्या दाराचं तात्पुरतं तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं.

ती आली होती शहरातून. तिच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, एका शटरएवढ्या रुंदीचं. तिघी बहिणींत ती मधली. थोरलीला अभ्यासाची गोडी, धाकटीला आरशाची, आणि हिला त्या दुकानाची. शाळेतून आली की दप्तर पायाशी टाकून वडिलांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. मशीन दुरुस्तीला आलं की वडील ते लगेच उघडत नसत. आधी नुसतं चालवून बघत, डोळे मिटून. कुठे घासतंय, कुठे अडतंय, कुठे ढिलं झालंय हे ऐकूनच ठरवत आणि मग स्क्रूड्रायव्हरला हात घालत. ही सवय तिलाही लागली. पंधराव्या वर्षी ती गिऱ्हाईक दारात उभं असतानाच त्याच्या मशीनचं दुखणं सांगायची आणि गिऱ्हाईक वडिलांकडे बघायचं. वडील मान डोलवायचे, बस्स.

अशी मुलगी चौदा गाईंच्या घरात पडली. नवरा गाईवेडा. कुठली गाय कधी फळली, कुठलीला कुठला चारा मानवतो हे सगळं त्याला तोंडपाठ, पण हातोडा धरला की पहिला ठोका अंगठ्यावर. यंत्रं ही आबांची आणि आबांचीच. नव्या सुनेने पहिलं वर्ष मूग गिळून काढलं. चारा कापायच्या कुट्टीच्या मशीनचा पट्टा किंचाळायचा तेव्हा ती ताटावरून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. नवऱ्याला वाटायचं, हिला आवाजाचा त्रास होतो. एकदा त्याने तिच्यासाठी कानात घालायला कापूस आणून दिला.

तिची पहिली दुरुस्ती अगदीच किरकोळ होती. अंगणातल्या पाण्याच्या हौदाला तरंगता गोळा होता. हौद भरला की गोळा वर येऊन पाणी बंद व्हायला हवं, पण ते कधीच पुरतं बंद व्हायचं नाही. पाणी वाहत राहायचं, त्याखाली कायमचा चिखल, आणि त्या चिखलात उभ्या राहणाऱ्या गाई आळीपाळीने लंगडायच्या. आबांनी गोळ्याचा दांडा तारेने वर ओढून बांधला होता. त्याने गळती निम्मी झाली होती आणि आबांच्या मते काम संपलं होतं. एका दुपारी आबा बाजारात गेले असताना तिने पाणी बंद केलं, झडप उघडली, आतला झिजलेला वायसर काढला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल कापून बसवला. दहा मिनिटांचं काम. दोन आठवड्यांत अंगण कोरडं पडलं, महिनाभरात लंगडणं थांबलं.

आबा म्हणाले, यंदा वारं चांगलं सुटलंय, त्याने जमीन वाळली.

तिने वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून घरात एक न बोलता झालेली वाटणी सुरू झाली. आबा बांधायचे आणि ती सोडवून नीट करायची. फाटकाला बिजागरी आली, ढकलगाडीच्या चाकाला नवं बेअरिंग आलं, कुट्टीच्या मशीनची पाती महिन्यातून एकदा काढून धार लागू लागली. गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला आतून ती खडूने खुणा करायची: या दिवशी तेल, त्या दिवशी ग्रीस, पट्टा कधी ताणला, पाती कधी उतरवली. आबा ते दार उघडताना मुद्दाम पलीकडे बघायचे.

शेजारच्या शेळीवाल्याने तिला नाव ठेवलं ते याच काळात. त्याचं गवत कापायचं मशीन सुरूच होईना म्हणून तो नवऱ्याला बोलवायला आला होता, आणि नवऱ्याने बायकोला पुढे केलं. तिने पान्हा मागितला, दोन नट ढिले केले, तुंबलेली नळी फुंकून साफ केली, मशीन सुरू. शेळीवाला मोठा बोलघेवडा. गावभर सांगत सुटला की त्या घरात पान्हा सुनेच्या हातात येतो आणि फुटतो गाईंना. तेव्हापासून ती पान्हेवाली. नवऱ्याला हा विनोद इतका आवडला की पाहुण्यांना तो समजावूनही सांगायचा.

एका यंत्राला मात्र तिचा हात लागत नव्हता, ते म्हणजे दूध काढायचं मशीन. ते आबांनी स्वतः जाऊन, चार ठिकाणी चौकशी करून, सासूबाई असताना आणलं होतं. सासूबाईंची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती, त्यांना धारा काढवत नव्हत्या, म्हणून. सासूबाईंनी ते दोनच वर्षं वापरलं. त्या गेल्यावर सकाळ-संध्याकाळ मशीन आबाच चालवायचे. सडांना कप लावणं, काढणं, धुणं, टांगून ठेवणं सगळं त्यांच्या हातचं. सुनेला परवानगी होती ती फक्त मागच्या खोलीतल्या पंपात तेल घालायची, कारण तिथे वाकताना आबांची कंबर धरायची.

त्या मशीनवर हवेचा जोर दाखवणारं एक घड्याळासारखं तबक होतं. त्याचा काटा अडकलेला होता. मशीन चालू असो की बंद, काटा एकाच जागी. तिने तो पहिल्याच वर्षी बघितला होता. एकदा नवऱ्याला म्हणालीही, की हे बदलायला हवं. नवरा म्हणाला, आबांना सांग. आबांना तिने सांगितलं नाही. सासूबाईंसाठी आणलेल्या यंत्रात खोट काढायची म्हणजे कुठल्या तोंडाने, असं तिला वाटलं, आणि ते राहून गेलं. राहता राहता सहा वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी गाई बिथरायला लागल्या. आधी तांबडी. कप लावला की ती पाय झाडायची. ही गाय इतकी गरीब की तिच्या पोटाखालून कोंबड्या जायच्या, तरी ती जागची हलत नसे. मग दुसरी, मग काळ्या कपाळाची. आठवडाभरात तांबडीची कास एका बाजूने दगडासारखी झाली, दुधात गाठी आल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, कासदाह म्हणाल्या, औषधं दिली. औषध चालू असलेल्या गाईचं दूध ओतून द्यायचं, हे आलंच. तांबडी जरा सुधारली तोवर आणखी दोघींना तेच झालं.

घरातलं बोलणं कमी झालं. नवऱ्याने चारा बदलून पाहिला, गोठा दोनदा धुऊन काढला, जमिनीवर चुना टाकला. एका संध्याकाळी, बादलीतलं नासलेलं दूध खड्ड्यात ओतून आल्यावर, आबा हात धुता धुता म्हणाले,

"सूनबाई, पंपात तू तेल कुठलं घातलंस?"

तिने सांगितलं. नेहमीचं संपलं होतं म्हणून त्याच जातीचं, पण दुसऱ्या डब्यातलं. महिन्यापूर्वी.

"महिन्यापूर्वीच सुरू झालं हे," आबा म्हणाले आणि पंच्याने हात पुसून आत गेले.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं, तिनेही दोन शब्द ऐकवले असते. तसं काही झालं नाही, ती तिथेच उभी राहिली. नवरा म्हणाला, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, तेलाचा आणि कासेचा काय संबंध? पण तिला खटकत होतं ते वेगळंच. तेल बदलल्यानंतर पंपाचा आवाज तिलाही जड वाटला होता. ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखा. तिने तो ऐकला होता आणि नवं तेल आहे, सरावेल, असं स्वतःला सांगितलं होतं.

त्यानंतर तिने यंत्रांना हात लावणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच. पत्र्याच्या दारावर नवी खूण उमटली नाही. कुट्टीच्या पात्यांची धार गेली, चारा कापला जायच्या ऐवजी चेंगरू लागला. शेळीवाला बोलवायला आला तर तिने डोकं दुखतंय म्हणून परत पाठवला. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का, आणि दोनदा ती हो म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी औषधाची पेटी उघडलीच नाही. त्या खाली बसून एकेका गाईचे सड बघत गेल्या. ज्या गाईंना अजून काहीच झालं नव्हतं त्यांचेही. सडांची टोकं सुजून बाहेर आलेली, कडक, काहींना निळसर झाक. त्यांनी नवऱ्याला बोलावून दाखवलं. म्हणाल्या, "जंतू नंतर आलेत. आधी यंत्र जास्त ओढतंय. मी कितीही औषधं दिली तरी उपयोग नाही, आधी मशीन बघून घ्या." तोवर सगळ्या गाईंच्या धारा हातानेच काढा, असंही त्यांनी सांगितलं.

मशीनच्या माणसाला निरोप गेला. त्याचं उत्तर आलं की आठ-दहा दिवसांत फेरी होईल.

नवऱ्याने हे सगळं तिला जेवणाच्या वेळी सांगितलं आणि एवढंच म्हणाला, की तू एकदा ऐकून बघ ना. चौदा गाईंच्या धारा हाताने काढून त्या दुपारी तिघांचीही मनगटं भरून आली होती. आबा आतल्या खोलीत आडवे झाले. ती भांडी तशीच ठेवून गोठ्याकडे गेली.

गाई बाहेर झाडाखाली होत्या. रिकाम्या गोठ्यात तिने मशीन सुरू केलं, चारही कप बंद करून टांगले आणि पाण्याची बादली उलटी टाकून तिच्यावर बसली. डोळे मिटले. ठेका देणाऱ्या डबीची टिकटिक बरोबर होती, मनगटावरच्या घड्याळाशी तिने मोजून पाहिली. पंप मात्र कण्हत होता. तेलाने पंप असा कण्हत नाही, हे तिला आता बसून ऐकल्यावर लगेच कळलं. तो कशाला तरी ओढत होता आणि ते सुटत नव्हतं.

आणखी काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे समजायला तिला बराच वेळ लागला, कारण ती एका नसलेल्या आवाजाच्या मागे होती. कप बंद असताना या मशीनमधून एक सूं सूं आवाज यायला हवा. जोर जास्त झाला की तेवढ्यापुरती बाहेरची हवा आत घेणारी एक झडप नळीवर असते, तिचा तो आवाज. गेली सहा वर्षं तिने तो रोज भिंतीपलीकडून ऐकला होता. आता तो नव्हता.

तिने मशीन बंद केलं आणि नळीला हात लावून तिच्यामागे चालत गेली. खाद्याच्या पोत्यांच्या मागे, कोपऱ्यात, डोक्याच्याही वर ती झडप होती. पोत्यावर चढून तिने बघितलं. झडपेला जुन्या गोधडीची पट्टी गुंडाळली होती, अगदी नीट, आणि तिच्यावरून तार. तीन पीळ. टोक आत वळवलेलं.

ती पोत्यावरच बसून राहिली. पहिल्यांदा आला तो राग, आणि तो चांगलाच आला. महिनाभर आपल्या तेलावर खापर फुटत होतं आणि हे इथे होतं. दुसरा विचार आला की तार आत्ताच सोडवून टाकावी, कुणाला काही बोलू नये. गाई बऱ्या होतील, आबा आपले आबाच राहतील. पण मग तेलाचा ठपका तिच्यावर कायमचा बसला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो सूं सूं आवाज पुन्हा सुरू झाल्यावर आबांनी तो पुन्हा बांधला असता. नवऱ्याला सांगावं, तर तो बापाशी भांडला असता. तिने तार तशीच ठेवली, खाली उतरली आणि आबांना उठवायला गेली.

आबा डोळे चोळत आले. तिने काही सांगितलं नाही. मशीन सुरू केलं, एक कप हातात घेतला आणि म्हणाली,

"आबा, अंगठा घाला यात."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घातला. ती मनात आकडे मोजत उभी होती. आबांचा हात कामाचा, राठ. तरी थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मिनिटभराने त्यांनी अंगठा ओढून काढला. टोक जांभळं झालं होतं.

ती पोत्यावर चढली, तार सोडवली, पट्टी काढली. सूं करत हवा आत शिरली आणि पंपाचा आवाज एकदम हलका झाला. इतका हलका की आबांनीही मान वळवून पंपाच्या खोलीकडे पाहिलं. तिने कप पुन्हा पुढे केला. या वेळी आबांनी दुसरा अंगठा घातला आणि बराच वेळ ठेवला. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं.

मशीन त्यांनी स्वतःच बंद केलं.

"ते गळतंय असं वाटलं मला," ते म्हणाले. "त्या आवाजाने नवी कालवड दचकायची. सारखी कान टवकारून उभी. म्हटलं, बांधून टाकू."

तिने कप परत टांगून ठेवला.

"तांबडी पाय झाडायची तर मी तिला दोनदा ओरडलो," आबा म्हणाले. एवढं बोलून ते अंगठ्याकडे बघत राहिले.

मघाचा राग तिला शोधूनही सापडेना. तिने काटा अडकलेल्या तबकाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "हे चालू असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अडकलेलं मी आल्या वर्षापासून बघतेय. तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"तुमचं मशीन म्हणून."

आबांनी मान हलवली. चूक निम्मी-निम्मी झाली म्हणून दोघांपैकी कुणालाच बरं वाटलं नाही. ते उठून झाडाखाली गेले आणि तांबडीच्या शेजारी उकिडवे बसले. तिथून ते धारांच्या वेळेपर्यंत हलले नाहीत.

नवं तबक आलं, कपांच्या आतली रबरं बदलली, झडप उघडून साफ झाली. मशीनचा माणूस आठ-दहा दिवसांचा वायदा करून तेराव्या दिवशी आला, सगळं तपासलं आणि मला कशाला बोलावलं असं विचारून चहा पिऊन गेला. बाकीच्या गाई महिन्या-दीड महिन्यात सुधारल्या. तांबडीचा एक सड मात्र कायमचा गेला. त्यातून परत थेंब आला नाही. नवरा तिला काढून टाकायचं म्हणत होता, आबांनी काही ऐकून घेतलं नाही. पुढची पाच वर्षं तांबडीला मशीन लागलं नाही. तीन सडांच्या धारा आबा हाताने काढायचे, कंबर धरली तरी.

तेलाबद्दल आबा कधी काही बोलले नाहीत. पण एका सकाळी पत्र्याच्या दारावर सुनेला खडूची एक ओळ दिसली, वाकड्या मोठ्या अक्षरात: मागच्या दाराला बिजागरी पाहिजे. तिने ती त्याच दिवशी बसवली. पुढे अशा ओळी येत राहिल्या. कधी त्या तक्रारी असत, कधी नुसती माहिती. पंखा कुरकुरतो. हौदाचं पाणी सावकाश भरतं. एकदा लिहिलं होतं: सगळं ठीक.

दूध काढायच्या मशीनचे कप उघडून रबरं बदलायला ते तिच्याकडून शिकले तेव्हा ते बाहत्तर वर्षांचे होते. शिकताना फार चिडायचे. बोटं साथ द्यायची नाहीत. ती शेजारी बसून दुसरा कप करायची आणि त्यांच्याकडे बघायची नाही.

शेळीवाल्याच्या तोंडामुळे तिला लांबून बोलावणी यायला लागली. कुणाचं चारा मिसळायचं यंत्र, कुणाच्या कुंपणातली वीज, कुणाची दूध थंड करायची टाकी. रविवारी नवरा गाईंकडे थांबायचा आणि आबा तिच्याबरोबर छोट्या गाडीतून निघायचे. अवजारांची पेटी त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतली. कुणी विचारलं तर सांगायचे, मी हिचा हाताखालचा माणूस आहे. ऐकणारा हसायचा, आबा हसत नसत.

अशाच एका रविवारी नदीपलीकडच्या एका गोठ्यावर ते गेले होते. माणूस तरणा, नव्यानेच सात गाई घेतलेल्या. गाई लाथा झाडतात, दोघींच्या कासा सुजल्यात, बायको म्हणते तुम्हाला जमत नाही तर विकून टाका. तो हे सांगताना सारखा जमिनीकडे बघत होता. तिने मशीन ऐकलं. या वेळी झडप ठीक होती, ठेक्याची डबी घाणीने अडत होती. उघडून साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली, परत बसवली. तास गेला. हात धुऊन ती वळली तर आबा त्या माणसाला गोठ्याच्या उंबऱ्यावर घेऊन बसले होते.

तो म्हणत होता की माझंच लक्ष नव्हतं, मुकं जनावर सांगणार तरी कसं.

"माझ्याकडे एक तांबडी होती," आबा सांगायला लागले. "मी काय केलं होतं, ते ऐक आधी."

त्यांनी सगळं सांगितलं. गोधडीची पट्टी, तार, दोनदा ओरडलो तेही. सुनेच्या तेलावर ठपका ठेवला तेही, ती समोर उभी असताना, तिच्याकडे न बघता. तो तरणा माणूस मान वर करून ऐकत होता. आतून त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला, त्यावर साय धरली.

तिने अवजारं पुसून पेटीत ठेवली आणि पेटी त्या दिवशी तिनेच उचलली. गाडीत जाऊन बसली, काच खाली केली. आबा अर्ध्या तासाने आले. वाटेत त्यांनी विचारलं की त्याची डबी परत किती दिवसांनी उघडावी लागेल. ती म्हणाली, महिन्याने. महिन्याने येऊ मग, आबा म्हणाले, तोवर त्याने धीर सोडायला नको.